बापाच्या जागी पंच

“लेकराला कडेवर मी घेईन,” ओहोळ सर म्हणाले. “नावही मीच सांगेन. तुम्ही उपासनेला यायचं, पण मागे बसायचं.”

रिबका चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थबकली. आमची पोरगी चटईवर बसून वाटी आपटत होती. वर्षाची होत आली तरी तिला नाव नव्हतं. आमच्यात नाव बाप्तिस्म्याच्या वेळी देवळात सांगायचं. तोवर घरात बाळी, ठमी, जे तोंडाला येईल ते. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो.

“मागे म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“मागे म्हणजे मागे. शिस्तीखालचा माणूस बाप्तिस्म्याच्या वेळी पुढे उभा राहू शकत नाही. बापाला उभं राहता येत नसेल तर त्याच्या जागी एक पंच उभा राहतो. हा नियम मी केलेला नाही, नाथान.”

“नियम कोणी केला ते विचारत नाही. पोरगी कोणी केली ते सांगा.”

“अहो!” रिबका ओरडली.

ओहोळ सरांचे कान लाल झाले. त्यांच्या शेजारी यिर्मयाबापू बसले होते. त्यांनी काही ऐकलंच नाही असं दाखवत बशीत चहा ओतला, फुंकला, सावकाश प्यायला.

“चहा चांगला झालाय पोरी,” बापू म्हणाले. मग सरांकडे वळले. “सर, एक करू. बाप्तिस्म्याच्या घरच्यांना आपण पुढचा बाक देतोच. याला त्या बाकाच्या टोकाला बसू द्या. उभा राहणार नाही, बोलणार नाही. मागं बसवला तर सगळी मंडळी मान वळवून वळवून त्याच्याकडंच बघणार. उपासना कोण ऐकणार?”

ओहोळ सरांनी विचार केला. “बसण्याबद्दल नियम काही म्हणत नाही,” ते म्हणाले.

“मग झालं तर.”

मला सरांपेक्षा बापूंचा राग जास्त आला. सर निदान तोंडावर बोलत होते. हा म्हातारा मला माझ्याच लेकीच्या बाप्तिस्म्याला बाकाचं टोक भीक घातल्यासारखं देत होता आणि वर चहाची तारीफ करत होता. माझ्यावर शिस्त लावायचा ठराव झाला तेव्हा पहिली सही याचीच होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चर्च म्हणजे पाळक. साफ खोटं. पाळकसाहेब तीन-चार वर्षांनी बदलून जातात. मंडळी चालवतात ते सात पंच. देवळाला रंग कोणता द्यायचा, कोणाचं लग्न लावायचं, कबरस्तानात कोणाला कुठली जागा, प्रभुभोजनाची भाकर कोणाच्या हातात द्यायची आणि कोणाच्या नाही, सगळं पंच ठरवतात. पंचांना मंडळी निवडते, हे खरं. पण एकदा निवडून दिला की माणूस मरेपर्यंत त्या खुर्चीतून उठत नाही, हेही तितकंच खरं. ओहोळ सर सेक्रेटरी. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि मंडळीही गणितासारखीच चालवायचे. यिर्मयाबापू जगधने मिशनच्या दवाखान्यातले रिटायर कंपाउंडर, सातांत सगळ्यात वडील.

आणि माझा गुन्हा? मी बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचो. लग्न, मुंज, वरात, बारसं, पुढाऱ्याची मिरवणूक, जिथं सुपारी येईल तिथं. पोरगी होण्याच्या आदल्या वर्षी आमच्या भोरसरच्या जत्रेत पालखीपुढं आमचा बँड होता. मी वाजवलं. आमच्यातल्याच कोणीतरी पाहिलं आणि पंचांना सांगितलं, नाथान पारखे मूर्तीपुढं वाजवत होता.

मला सभेत बोलावलं. मी म्हणालो, “वाजवलं. पूजलं नाही. चालू सिनेमातलं गाणं होतं, हवं तर म्हणून दाखवतो.” ओहोळ सर म्हणाले, मंडळीसमोर उभं राहून कबुली द्या, पाप झालं म्हणा, आम्ही क्षमा करू. मी म्हणालो, पाप केलं असतं तर तुमच्या आधी मीच म्हणालो असतो. झालं. शिस्तीखाली गेलो. भाकर बंद, मत बंद, आणि पोरगी झाली तेव्हा कळलं की बाप म्हणून उभं राहणंही बंद.

खरी गोष्ट कोणी बोलत नव्हतं, म्हणून मी इथं बोलतो. त्यांना मूर्तीचं दुःख नव्हतं. त्यांना वाजवण्याची लाज होती. मंडळीतल्या निम्म्या घरांचे आजे-पणजे गावासमोर वाजवूनच जगले. शिकले, मास्तर झाले, कंपाउंडर झाले, इस्त्रीचे कपडे घालून देवळात बसायला लागले. आणि मी गल्लीतून तोंडात वाद्य धरून निघालो की सगळ्या गावाला आठवायचं, ही माणसं कोण होती. ते त्यांना सोसत नव्हतं.

पंच गेल्यावर रिबकाने कप उचलले.

“मागून टाका ना माफी,” ती म्हणाली. “दोन वाक्यं आहेत.”

“कशाची मागू?”

“मला काय विचारता? प्रभुभोजनाचं ताट तुमच्यासमोरून तसंच पुढं जातं, तेव्हा माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही. आईबाबा येणार आहेत त्या रविवारी. त्यांच्यासमोर माझी पोरगी परक्या माणसाच्या कडेवर?”

“तेच मी म्हणतो. ओहोळने तिला हातात घेतलं की मी उठणार आणि हिसकावून घेणार.”

“घ्या,” रिबका शांतपणे म्हणाली. “मग मी तुमच्या हातातून हिसकावून घेईन आणि सरांकडं देईन. लेकराचा बाप्तिस्मा होणार. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

आमचं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती बोलते तसं करते, हे मला पुरतं माहीत होतं. मी काय करणार, ते मात्र रविवारी सकाळी पांढरा सदरा घालताना मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

देऊळ भरलं होतं. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष, पुढचा बाक घरच्यांसाठी म्हणून सलग. त्या दिवशी बाप्तिस्म्याआधी चार पोरापोरींना मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घ्यायचं होतं. तीही त्याच बाकावर बसली होती, नवे कपडे, तेल लावलेली डोकी. मग रिबकाचे आईबाबा, रिबका, तिच्या मांडीवर पोरगी, आणि टोकाला मी. समोर खुर्च्यांवर पंच. पैकी दोन खुर्च्या रिकाम्या. एकांची बदली झाली होती, दुसरे पुण्याला लेकीकडे जाऊन राहिले होते. ओहोळ सरांनी नवा कोट शिवला होता. माझ्या पोरीला घेण्यासाठी शिवलाय असं मला वाटलं आणि डोक्यात तिडीक गेली.

पाळकसाहेब देवदान भिंगारदिवे नवीनच आले होते, तरुण, अजून गावातली भांडणं पाठ न झालेले. त्यांनी चौघांना उभं केलं. प्रश्न विचारले. पोरांनी घोकलेली उत्तरं दिली. मग रीतीप्रमाणे सगळ्यात वडील पंच खाली उतरले. नव्या सभासदाला मंडळीच्या वतीने सहभागितेचा उजवा हात द्यायचा, हे वडील पंचाचं काम. तो हात मिळाला की माणूस मंडळीचा.

यिर्मयाबापू काठी टेकत आले. पहिल्या पोराचा हात हातात घेतला. “मंडळीच्या वतीने तुला सहभागितेचा उजवा हात.” दुसरी पोरगी, तेच. तिसरा, चौथा. चौघे झाल्यावर वळायचं आणि खुर्चीत जाऊन बसायचं. बापू वळले नाहीत. रिबकाच्या बाबांसमोरून गेले, आईसमोरून गेले, रिबकासमोर क्षणभर थांबून पोरीच्या गालाला बोट लावलं, आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

हात पुढे केला.

मी बसलेलाच. माझा हात मांडीवर. वर पाहिलं तर बापू माझ्याकडे बघतच नव्हते, माझ्या डोक्यावरून कुठंतरी भिंतीकडे बघत होते. हात मात्र तसाच, नसा वर आलेला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा हात असा हवेत ठेवता येत नाही. मी उठलो आणि धरला.

“मंडळीच्या वतीने तुला सहभागितेचा उजवा हात,” बापू मोठ्याने म्हणाले. बायांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“बापू!” ओहोळ सर उभे राहिले. “बापू, तो नाथान आहे!”

“कोण?”

“नाथान! नाथान पारखे!”

बापूंनी माझा हात न सोडता मान पुढे केली, डोळे बारीक करून माझं तोंड न्याहाळलं. “अरे देवा,” ते म्हणाले. “मोतीबिंदू, सर. पांढरा सदरा दिसला, मला वाटलं पाचवा आहे.”

देवळात एकदम बाजार भरला. बायांच्या बाजूने कोणीतरी हसलं. पुरुषांच्या बाजूने एकजण “हे चालायचं नाही” म्हणाला, दुसरा त्याला “तू गप बस, तुझ्या घरी कोण विचारतं तुला” म्हणाला. पाळकसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

“शांत व्हा! सर, नियम काय म्हणतो?”

सगळे गप्प झाले. ओहोळ सर पुढच्या पायरीवर उभे होते, नव्या कोटात. मंडळीची घटना आख्ख्या देवळात फक्त या एका माणसाने वाचली होती. ते म्हणाले असते, ‘चुकून दिलेला हात हात नाही’, तर कोणाच्या बापाला खोटं पाडता आलं नसतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, आता हा म्हणणार. म्हण एकदाचं. मला उठून जायला निमित्त दे.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मंडळीसमोर, उपासनेत, वडील पंचाने उजवा हात दिला की माणूस सहभागितेत आला,” ते पाढा म्हटल्यासारखं म्हणाले. “त्याआधी कबुली घ्यायला हवी. पण ती घेणं हे हात देणाऱ्याचं काम आहे. त्याने घेतली नाही तर दोष त्याचा. दिलेला हात काढायचा असेल तर पंचांची सभा आणि नवा ठराव लागतो.”

“म्हणजे आत्ता?”

“आत्ता हा माणूस शिस्तीखाली नाही.” आणि मग कोणी न विचारता ते पुढे बोलले, “बाप उभा राहू शकत असताना पंचाने त्याच्या जागी उभं राहू नये.”

ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. कोटाचं वरचं बटण काढलं.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. रिबकाने पोरगी माझ्या हातात दिली. पाण्याचं भांडं समोर. पाळकसाहेबांनी विचारलं, “लेकराचं नाव काय ठेवलं?” आणि ज्या माणसाने आजवर सगळ्या गावाशी भांडण केलं त्याच्या गळ्यातून आवाज निघेना. रिबकाने कोपराने ढोसलं.

“तिरसा,” मी पुटपुटलो.

“ऐकू नाही आलं!” मागून एक म्हातारी ओरडली.

“तिरसा नाथान पारखे!” मी बोंबललो, जत्रेत हरवलेल्या पोराला हाक मारावी तसा. पोरगी दचकली आणि तिने भोकाड पसरलं. सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबही हसत हसतच तिच्या डोक्यावर पाणी घालते झाले.

नाव रिबकाने शोधलं होतं. बायबलात पाच बहिणी आहेत, भाऊ नसलेल्या. आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं, असं विचारायला त्या मोशेपुढं आणि सगळ्या वडीलधाऱ्यांपुढं उभ्या राहिल्या. तिरसा त्यातली धाकटी. हे नाव रिबकाने ओहोळ सरांच्या तोंडून मंडळीला ऐकवायचं ठरवलं होतं. नाव मला माहीत होतं, तिच्या या डावाचा पत्ता नव्हता.

उपासना सुटल्यावर अंगणात चहा आणि चिवडा होता. ओहोळ सर कप घेऊन माझ्याजवळ आले.

“बुधवारी पंचांची सभा बोलावतोय,” ते म्हणाले. “तुमच्या विषयावर. व्यक्तिगत काही नाही.”

“तुमचं कधीच व्यक्तिगत नसतं, सर.”

“पोरगी गोड आहे,” ते म्हणाले, आणि घाईघाईने निघून गेले.

सभेला सातांतले पाच पंच लागायचे. दोन गावात नव्हतेच. म्हणजे राहिलेल्या पाचांपैकी प्रत्येकजण आलाच पाहिजे, नाहीतर कोरम नाही. पहिल्या बुधवारी यिर्मयाबापूंचं पोट बिघडलं. दुसऱ्या बुधवारी गुडघा धरला. तिसऱ्या बुधवारी निरोप आला, ताप आहे.

रिबका म्हणाली, “खरंच आजारी असतील तर? या वयात?” आणि डब्यात मटणाचं सूप घालून मला पिटाळलं. पोरगी हात पसरून रडायला लागली म्हणून तिलाही घेतलं.

सभेची वेळ झाली होती. बापू अंगणात बाजेवर बसून शेळीच्या पिलाला हाताने पाला खाऊ घालत होते. डोकं उघडं, बाह्या सारलेल्या.

“सलाम, बापू. ताप कसा आहे?”

“आहे अजून,” ते म्हणाले. “बस. सूप आणलंस? रिबका आहे म्हणून तुझं चाललंय.”

मी बसलो. पिलू कानाने माशा उडवत होतं, आणि एका माशीवर बापूंनी चटकन हात मारला.

“बापू, डोळे चांगले आहेत तुमचे.”

“दवाखान्यात चाळीस वर्षं बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. चांगले असणारच.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी काय?”

“मला हात का दिलात? आणि द्यायचाच होता तर ठरावावर पहिली सही का केलीत? मला तोंडावर सांगा. मला हे गोडगोड जमत नाही.”

बापूंनी पाला बाजेवर ठेवला.

“माझा बाप सनई वाजवायचा,” ते म्हणाले. “आसपासच्या गावांत तसा वाजवणारा नव्हता म्हणतात. आई ख्रिस्ती झाली, बापही झाला, पण सनई सोडेना. पाप कसलं यात, म्हणायचा. तुझ्यासारखाच, तोंडाळ. मी झालो. माझ्या बाप्तिस्म्याला पंचांनी त्याला देवळात घेतलं नाही. बाहेर लिंबाखाली उभा होता. आत मला कडेवर घेऊन मिशनच्या साहेबाचा खानसामा उभा, तेव्हा तो पंच होता. माझं नाव त्याने सांगितलं. बापाला काहीतरी दुसरंच ठेवायचं होतं. काय ठेवायचं होतं, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.”

तिरसा पिलाकडे झेपावत होती, तिला मी खाली सोडलं.

“पुढं त्याने सनई सोडली. माझ्या शाळेसाठी. मी पंच झालो तेव्हा पुढच्या बाकावर बसायचा. गीत सुरू झालं की त्याची बोटं मांडीवर हलायची. मला लाज वाटायची, नाथान. मी त्याला म्हणायचो, बाबा, हात स्थिर ठेवा, लोक बघतात.” बापूंनी तोंडावरून हात फिरवला. “तुझ्या ठरावावर सही केली ती त्याच लाजेने. वाजवणारा म्हटलं की अजून अंगावर काटा यायचा. पण तुझ्या घरी ओहोळ म्हणाला ना, नाव मी सांगेन, तेव्हा मला तो खानसामा दिसला. मग म्हटलं, एवढा एक बाक मागून घेऊ.”

मी म्हाताऱ्यावर रागवायला आलो होतो. राग शोधला, सापडेना. तिरसा त्यांच्या मांडीवर चढायचा प्रयत्न करत होती. मी तिला उचलून त्यांच्याकडे दिली.

तेवढ्यात आतून सून ओरडली, “बापू, पंच आले! सगळेच आले!”

आमच्यात पंच आजारी पडला तर बाकीच्या पंचांनी त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, ही रीत आहे. कोरम न झाल्याने सभा मोडली होती आणि मोडलेली सभा उठून सरळ आजाऱ्याला भेटायला आली होती. बापूंनी पोरगी माझ्या अंगावर टाकली, बाजेवर आडवे झाले, उशाची गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि कण्हायला लागले. पालाही गोधडीत गेला. पिलू गोधडी ओढायला लागलं.

ओहोळ सर आणि मागे तिघे पंच फाटकातून आत आले. सरांनी बापूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिलाकडे पाहिलं.

“सलाम, बापू. आपण प्रार्थना करू,” ते म्हणाले.

आम्ही माना खाली घातल्या. सरांनी लांबलचक प्रार्थना केली. हे प्रभू, तुझा हा वृद्ध दास तापाने अंथरुणाला खिळला आहे, त्याच्या पोटाला, गुडघ्याला आणि डोळ्यांना तू स्पर्श कर. डोळ्यांवर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. त्याला खरं बोलण्याचं सामर्थ्य दे, असंही म्हणाले. गोधडी हलत होती. बापू हसत होते की कण्हत होते, कळायला मार्ग नव्हता. सगळ्यात मोठा आमेन मी म्हणालो.

सरांनी डोळे उघडले. खिशातून पेन काढलं.

“बापू, पुढच्या बुधवारी तुम्ही पुन्हा आजारी असणार का? तसं असेल तर मी सभा लावतच नाही. बाकीच्यांची उगाच पायपीट होते.”

गोधडीतून आवाज आला, “हा ताप जुना आहे, सर. लवकर जायचा नाही.”

“वाटलंच मला.” सर उभ्या-उभ्याच काहीतरी लिहायला लागले. “मग विषय रद्द लिहू?”

“रद्द कशाला? रद्द करायला पण सभा लागेल. प्रलंबित लिहा.”

“नियमाने तेच बरोबर आहे,” ओहोळ सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना हसताना मी पाहिलं. त्यांनी वाकून तिरसाच्या गालाला हात लावला. “काय गं, तिरसा नाथान पारखे?”

गेल्या उन्हाळ्यात त्याच देवळात तिरसाचं लग्न लागलं. तिच्या बापावरचा विषय भोरसरच्या मंडळीत अजून प्रलंबित आहे.